माणसाच्या सावलीचं घड्याळ: गच्चीवरच्या नोंदी

१२ एप्रिल
परीक्षा संपल्या. जूनच्या मध्यात सहाजण सहा दिशांना जाणार, हे आता नक्की आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही "उद्या काहीतरी करू" म्हणत दोन महिने लोळून काढले होते, त्यामुळे यंदा बैठक घेतली. ट्रेक सुचला, पोहणं सुचलं, एक भयंकर नाटकही सुचलं. अखेर मास्तरची कल्पना पास झाली: गच्चीवर सूर्यघड्याळ आखायचं, आणि तेही असं की मधला काटा म्हणून आपणच उभं राहायचं. जमिनीवर महिन्यांची एक पट्टी असते. आज जी तारीख असेल त्या खुणेवर उभं राहायचं, सावली ज्या आकड्याकडे जाईल ती वेळ. कल्पना जुनी आहे, वोझलार नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १६४० सालीच या प्रकारावर पुस्तक लिहिलं होतं.

नावं पुढे सारखी येणार म्हणून इथेच लिहून ठेवतो. मास्तर (गणित), पेंटर (चित्रकला, ती), लंबू (उंची), बारक्या (उंचीच, पण उलट), काकू (आमच्याच वयाची, पण पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या हिच्याकडेच सापडतात) आणि मी, म्हणजे कारकून. हा खर्डा त्यामुळेच माझ्याकडे.

१३ एप्रिल
उत्तर दिशा शोधायला गेलो. सहा मोबाइल, सहा होकायंत्रं, सहा उत्तरा. लंबूने तोच मोबाइल दोन पावलं सरकवला तर काटा वीसेक अंश फिरला. स्लॅबमध्ये लोखंडी सळया आहेत हे आमच्या ध्यानात यायला पाऊण तास लागला. शिवाय होकायंत्र शुद्ध असतं तरी त्याने चुंबकीय उत्तर दाखवली असती, खरी नाही. काम बंद. चटके मात्र फुकट मिळाले.

१७ एप्रिल
होकायंत्र बाद. त्याऐवजी शंकूची रीत, जी शुल्बसूत्रांत आहे आणि सूर्यसिद्धांतातही. ६० सेंमीचा पाइप ओळंबा लावून सरळ उभा केला आणि त्याच्या बुडाभोवती ४५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढलं. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरते. शिरली त्या जागी खूण. दुपारनंतर ती वाढत वाढत वर्तुळातून बाहेर पडते. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते.

शिरली ९:५६ ला, बाहेर पडली २:५२ ला. मधल्या पाच तासांत पाइप कुणी हलवू नये म्हणून पाळीपाळीने पहारा दिला. बारक्याने आपल्या पाळीत डुलकी काढली, पण पाइप जागचा हलला नाही.

या दोन वेळांची मधली वेळ काढली तर १२:२४ येते. म्हणजे आमची खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर चोवीस मिनिटांनी. मास्तर एकदम खूश. प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते त्याच्या पश्चिमेला आपण असलो, तर दर अंशाला चार मिनिटं सूर्य उशिरा डोक्यावर येतो. चोवीस मिनिटं म्हणजे सहा अंश. "एका पाइपने रेखांश मोजला," असं तो संध्याकाळपर्यंत म्हणत होता. आम्ही ऐकून घेतलं.

१९ एप्रिल
आजचा दिवस वाया. पण का गेला हे लिहिणं गरजेचं आहे.

तासांच्या खुणा लंबवर्तुळावर बसतात. पूर्व-पश्चिम अर्धा अक्ष आपल्या मर्जीचा, उत्तर-दक्षिण अर्धा अक्ष म्हणजे त्याला अक्षांशाच्या साइनने गुणायचं. आमचा अक्षांश २० धरला, साइन ०.३४२. म्हणून लंबवर्तुळ चपटं, ताणलेल्या थालीसारखं. अक्षांश ५० असता तर गुणक ०.७७ आला असता आणि आकृती बरीच गुबगुबीत झाली असती. ध्रुवावर ती पूर्ण वर्तुळ होते आणि विषुववृत्तावर नुसती रेघ.

गच्ची मोठी आहे म्हणून हौसेने अर्धा अक्ष ३ मीटर घेतला. दोन खिळे, सुतळी, खडू. सुतळी ताणली जाते, त्यामुळे लंबवर्तुळ एका बाजूला फुगलं, तेही पुसून पुन्हा काढलं. मग सूर्याच्या नऊ वाजता लंबूला उभा केला. सावली नवाच्या खुणेकडे बरोबर निघाली आणि वाटेतच संपली. अजून हातभर अंतर बाकी होतं. बारक्याची तर त्याहून आधी संपली. हात वर केले तरी पुरेना.

चित्रांमधली अशी घड्याळं सहसा वरच्या अक्षांशांवरची असतात. तिथे सूर्य तिरपा, सावल्या ऐसपैस. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर चढून बसतो आणि सावली पायाशी गोळा होते. हे आम्हाला आयुष्यभर माहीत होतं. कागदावर मात्र कुणाला आठवलं नाही.

पेंटर म्हणाली, "घड्याळ माणसाच्या मापाचं हवं, गच्चीच्या नाही." पाण्याच्या दोन बादल्या ओतून सगळं पुसलं.

२४ एप्रिल
नवं माप: अर्धा अक्ष १५० सेंमी, दुसरा ५१.३ सेंमी. या वेळी सुतळी नाही. प्रत्येक खूण मध्यबिंदूपासून टेपने मोजून, गुण्या लावून. ११ आणि १ च्या खुणा मध्यरेषेपासून ३८.८ सेंमीवर, १० आणि २ च्या ७५ वर, ९ आणि ३ च्या १०६.१ वर, ८ आणि ४ च्या १२९.९ वर. मध्याकडे खुणा ऐसपैस, कडेला दाटीवाटी.

मग तारखांची पट्टी. मध्यबिंदूपासून उत्तरेला किती सरकायचं हे त्या दिवशीच्या सूर्याच्या क्रांतीवरून निघतं, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला आहे त्यावरून. मास्तरने आकडे वाचले, मी उतरवले:

१६ एप्रिल २४.९
१ मे ३७.८
१५ मे ४८.०
२० मे ५१.३
१ जून ५६.९
२१ जून ६१.१

काकू म्हणाली, "थांब. ५१.३ आधी लिहिलायस."

लिहिला होता. बाराच्या खुणेचं अंतरही ५१.३. म्हणजे २० मेला माणूस जिथे उभा राहणार, तिथेच बाराची खूण. मास्तर घाबरला, त्याला वाटलं कुठेतरी साइनच्या जागी टॅन झालं. तीनदा हिशोब केला. बरोबर होता. मग त्याच्याच डोक्यात उजेड पडला आणि तो एकदम ओरडला, "अरे, त्या दिवशी सावलीच नसणार!" सूर्याची क्रांती आणि आपला अक्षांश सारखे झाले की भर मध्यान्ही सूर्य बरोबर माथ्यावर असतो. शून्य सावली. कर्कवृत्त ते मकरवृत्त या पट्ट्यात कुठेही राहणाऱ्याला वर्षातून दोनदा हे घडतं. त्या क्षणी घड्याळाला दाखवायला दिशाच उरत नाही, आणि गणिताने तेच सांगितलं होतं: काटा आणि आकडा एकाच जागी.

मला हे फारच आवडलं. चूक शोधायला गेलो आणि हाती सण लागला. २० मे सगळ्यांनी रिकामा ठेवायचा ठरलं.

अजून एक गोष्ट मी वहीत कोपऱ्यात लिहिली आहे. १६ एप्रिल ते २१ जून हे अंतर ३६ सेंमी. आमची आख्खी सुट्टी एक फूट दोन इंच. त्यातले तेरा सेंमी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यातच संपतात, आणि जूनचे तीन आठवडे मिळून फक्त चार. बारक्याचं पाऊलच पंचवीस सेंमी आहे, तो उभा राहिला की महिनाभर झाकतो. म्हणून नियम: खूण दोन टाचांच्या मधोमध.

२८ एप्रिल, रात्र
उत्तर रेषेची उलटतपासणी. ओळंबा टांगून त्याच्या दोरीमागे ध्रुव धरला आणि दुसऱ्याने मागे सरकत रेषेवर उभं राहायचं. रेषा जुळली. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आतच असतो, आमच्या खडूच्या रेघेला तेवढी अचूकता डोक्यावरून पाणी. क्षितिजापासून हात लांब करून दोन मुठी वर ध्रुव सापडला. एक मूठ साधारण दहा अंश, म्हणजे अक्षांशही पटला.

काम दहा मिनिटांचं होतं, बसलो अडीच तास. स्लॅब अजून कोमट होता. सप्तर्षींची शेपटी पकडून पुढे वळलं की स्वाती, तसंच पुढे चित्रा. लंबू लंबवर्तुळात आडवा झाला तर ८ पासून १ च्या पलीकडे पोचतो, असा शोध लागला. हा शोध कुठेही उपयोगी पडणार नाही.

३ मे
रंगकाम. पहिला हात दुपारी दिला होता. ऑइलपेंट तापलेल्या सिमेंटवर लागताक्षणी वरून सुकला, आतून ओला राहिला आणि फोड आले. पेंटरने ते सगळं खरवडायला लावलं आणि तिच्या आवाजात दया नव्हती. आता वेळ ठरली: सकाळी सहा ते साडेआठ, नाहीतर ऊन उतरल्यावर. आधी झाडू, मग ओलं फडकं, मग पूर्ण वाळू द्यायचं, मग मास्किंग टेप.

आकड्यांवरून वाद. घड्याळाची वेळ रंगवायची की सूर्याची? लंबूचं म्हणणं, "वेळ बघायला येणाऱ्याला चोवीस मिनिटं मिळवायला लावणार का?" मास्तरचं म्हणणं, खुणा सरकवता येतील, पण मग बारा मध्यरेषेवर राहणार नाही. मतदान चार विरुद्ध दोन: सूर्याची वेळ रंगवायची, बाजूला छोटी पाटी, "इतकी मिनिटं मिळवा." माझं मत सूर्याच्या बाजूने होतं. वेळ बघायला मोबाइल आहेच की.

तारखांची पट्टी किती रंगवायची यावर मात्र वाद झाला नाही. पूर्ण वर्षाची पट्टी १२२ सेंमी झाली असती. आम्ही आमचीच रंगवली, ३६ सेंमी, पिवळी. तसंही जूननंतर सूर्य त्याच वाटेने परततो, १ मेची खूण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चालते.

एक अडचण सुटली नाही: दुपारी चारनंतर पाण्याच्या टाकीची सावली ५ च्या खुणेवर येते. टाकी हलणार नाही. ५ चा आकडा तरीही रंगवला.

१४ मे
आज भांडण झालं, नीट झालं.

माणूस उभा राहिला की पाच मिनिटांपर्यंत इकडेतिकडे होतं. खांदे रुंद, डोकं हलतं. म्हणून तपासणीसाठी दीड मीटरचा पाइप ओळंब्याने उभा करायचा आणि सावली खुणेवर आली की मोबाइलची वेळ लिहायची, हे माझं काम. १७ एप्रिलला फरक २४ मिनिटं होता. २५ एप्रिलला २२ आला, म्हटलं माझ्या हाताची चूक. आज वीस. लंबूने सरळ पेंटरवर आरोप केला की रंगवताना खुणा सरकल्या. ८ आणि ९ च्या मध्ये पंचवीसेक सेंमी आहेत, त्यामुळे चार मिनिटं म्हणजे दीड-पावणेदोन सेंमी. पेंटरने टेप आणला, सगळ्या खुणा त्याच्यासमोर मोजल्या. एकही अर्ध्या सेंमीने हललेली नव्हती. तिने टेप त्याच्या हातात ठेवला आणि खाली निघून गेली.

दोष खुणांचा नव्हताच, सूर्याचाही नाही म्हणता येणार. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे ती कधी वेगाने चालते, कधी रमत. शिवाय तिचा आस २३.४ अंश कललेला. दोन्हींमुळे सूर्याचा दिवस नेमका चोवीस तासांचा नसतो. रोजचे काही सेकंद साठत जातात. १५ एप्रिलच्या सुमारास हिशोब शून्यावर असतो, १४ मेच्या आसपास सूर्य ३ मिनिटं ४० सेकंद पुढे, १३ जूनला पुन्हा शून्य. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर तो सोळा मिनिटांहून पुढे धावतो. मास्तरला हे माहीत होतं. "इतकं बारीक आपल्याला दिसेल असं वाटलं नव्हतं," असं तो म्हणाला, ज्यावर काकूने त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

म्हणजे आमचं घड्याळ आम्हाला वाटलं त्याहून चांगलं आहे. लंबू संध्याकाळी पेंटरकडे जाऊन माफी मागून आला. शिक्षा म्हणून पाटीवरचा मिनिटांचा तक्ता त्याने रंगवायचा, तिच्या देखरेखीखाली.

२० मे
सहाही जण हजर. पाइप, पेला, डबा, बाटल्या, जे जे सरळ उभं राहील ते गच्चीवर आणलं. मुहूर्त १२:२० चा.

१२:०५ ला ढग आला. १२:४० ला गेला.

२१ मे
आज चौघेच येऊ शकलो. मास्तर सकाळपासून सांगत होता की एका दिवसात सूर्य जेमतेम पाव अंश सरकतो, सूर्यबिंब स्वतःच अर्ध्या अंशाचं आहे, त्यामुळे आजही चालेल. पाव अंशाने उभ्या माणसाची सावली सात-आठ मिलिमीटरने सरकते, त्याची फिकीर कुणी करायची.

पेल्याची सावली आधी एका बाजूला चंद्रकोरीसारखी होती. ती बारीक होत गेली आणि १२:२० च्या आसपास पेला नुसता ठेवलेला दिसायला लागला. कापून चिकटवलेल्या चित्रासारखा. पाइपच्या बुडाशी काहीच नाही. काकू २० मेच्या खुणेवर, म्हणजे बाराच्याच आकड्यावर उभी राहिली. तिच्या पायांभोवती खांद्यांच्या आणि डोक्याच्या सावलीचा एक लहानसा डाग, कुठल्याच दिशेला न जाणारा. "वाजले किती?" बारक्याने विचारलं. घड्याळाने उत्तर दिलं नाही.

लंबू आणि पेंटर दोघं कामामुळे अडकले होते. व्हिडिओ कॉल लावला, पण ऊन इतकं की त्यांना पडद्यावर पांढरं सोडून काही दिसलं नाही.

२ जून
सावली उलटली. आता बाराच्या सुमारास ती दक्षिणेला पडते, कारण सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला गेला आहे. आकृतीतही तसंच, उभं राहायची खूण बाराच्या आकड्याच्या पलीकडे गेली. पण सावलीची लांबी सहा-साडेसहा सेंमी, म्हणजे सगळी चपलेखालीच. भर दुपारी माणसाने काटा होणं जमत नाही, पाइप लावावा लागतो. सकाळी आठ-नऊ आणि दुपारी तीन-चार या वेळा उत्तम.

काठ धूसर का दिसतो हा प्रश्न बारक्याने काढला. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, आणि स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात. सावली जितकी लांबून येते तितका तिचा काठ पसरतो. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे, त्याच्या सावलीच्या काठालाही हाच त्रास. आमची दोन मिनिटांची चूक त्यामुळे थोरामोठ्यांच्या पंगतीत बसते.

१३ जून
फरक पुन्हा २४ मिनिटं. लंबूने स्वतः वेळ लिहिली, माझ्याकडे वही मागून घेऊन. मास्तर आज रात्री निघतोय. बॅग भरायची सोडून सकाळी आठला खुणेवर उभा होता, सूर्याचे आठ वाजेपर्यंत. निघताना त्याने शिल्लक रंगाचा डबा काकूच्या स्वाधीन केला आणि झाकण घट्ट लाव असं दोनदा सांगितलं.

१७ जून
पेंटर आणि बारक्या गेले. ५ चा आकडा टाकीच्या सावलीत एकदाही चालला नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिलं.

२१ जून
पट्टीचं टोक, ६१.१. आज सूर्य सगळ्यात उत्तरेला. काकू आणि मी वर गेलो. पूर्ण आभाळ भरलेलं, सावली कशाचीच नाही. तरी ती खुणेवर जाऊन उभी राहिली, मी पाइप धरला. पाच मिनिटं वाट पाहिली. मग पिवळ्या पट्टीवर साठलेलं पाणी झाडूने काढलं, दोन ठिकाणी रंगाचे पोपडे निघालेत ते बघून ठेवले.

काकूने रंगाचा डबा उघडला, झाकण इतकं घट्ट बसलं होतं की स्क्रूड्रायव्हर लागला. पोपडे निघालेल्या दोन्ही जागा झाकल्या आणि ५१.३ च्या खुणेशेजारी, जिथे "२० मे" लिहिलं आहे, तिथे उरलेल्या रंगात बारीक अक्षरात लिहिलं: २३ जुलै, १२:३०. परतीच्या वाटेवरची शून्य सावली.

फोटो काढून पाचही जणांना पाठवला. लंबूचं उत्तर आलं, "३० की ३१?" मास्तरने तिकडून सेकंदांसकट हिशोब पाठवला.